काचेला घसारा नाही

गाडीचं दार उघडण्याआधी मॅडम काचेवर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या. गाडी रिकामी असायची. शेडला बाहेरून कुलूप असायचं आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. तरीही टकटक. मग आतल्या माणसाला सावरून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायच्या आणि नंतरच दार उघडायच्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत मांजर शिरत असणार.

"आत काय आहे, मॅडम?"

"काही नाही."

"मग वाजवता कशाला?"

"काही नसलं म्हणून काय झालं? न विचारता घुसायचं का?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याच्या सवयीला हसतो, घरी येऊन बायकोसमोर नक्कल करून दाखवतो, आणि मग एक दिवस असा येतो की हसू येईनासं होतं. माझं तसंच झालं.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. गाडी ठोकली की माणसं आधी देवाचं नाव घेतात, मग माझं. मी कॅमेरा घेऊन जातो, चारही बाजूंनी फोटो काढतो, काय फुटलं नि काय वाकलं ते लिहितो आणि एकेका भागाला घसारा लावतो. म्हणजे वापरानं त्या भागाची किंमत जेवढी उतरली असेल तेवढी कापून टाकतो. मॅडम विमा कंपनीच्या मोटार विभागात अधिकारी होत्या. माझे रिपोर्ट त्यांच्या टेबलावर जायचे. मूर्ती ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, चष्म्याला दोरी. खुर्चीवर उशी घेऊन बसायच्या, कारण उशी नसली की टेबल हनुवटीला लागायचं. पण अख्खा विभाग त्यांना वचकून होता.

"बंपर?" त्या विचारायच्या.

"प्लॅस्टिक आहे, मॅडम."

"कापा. टायर?"

"रबर."

"कापा. पत्रा?"

"गाडी जुनी आहे."

"मग वय बघा आणि कापा. काच?"

काचेपाशी त्यांचा आवाज जरा खाली यायचा. माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणायच्या, "काचेला घसारा नाही."

तो विम्यातला नियमच आहे, त्यांनी काढलेला नाही. पण हा एवढा एकच नियम त्या मायेनं उच्चारायच्या. बाकी घसारा त्या सगळ्यांना लावत. बदली होऊन आलेल्या नव्या साहेबांना बघून मला हळूच म्हणाल्या होत्या, "पॉलिश झकास आहे, पण खालून गंजलेत." स्वतःलाही सोडत नसत. गुडघा धरून जिना चढताना म्हणायच्या, "रबरी पार्ट आहे, निम्मा कापा."

त्या निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांचा फोन आला. "सर्व्हेअर, एक गाडी बघायचीय. ठोकलेली नाही. या."

भावसिंगपुऱ्यात त्यांचं घर. पुढच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्या शेजारी खाकी ड्रेसमधल्या एका उंच माणसाचा फोटो. घरात त्या एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं, भावंड नव्हतं. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिचं कुलूप काढून त्यांनी दारं ढकलली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. लांब नाकाची, दोन दारांची, माझ्या कमरेच्या जरा वर येईल एवढी बुटकी, गडद लाल विलायती स्पोर्ट्स कार. अशी गाडी मी फक्त गॅरेजमधल्या कॅलेंडरवर पाहिली होती. भावसिंगपुऱ्यात, वाळत घातलेल्या सांडग्यांच्या शेजारी ती असेल असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

"कुणाची, मॅडम?"

"बाबांची," त्या म्हणाल्या. मग सुधारून, "म्हणजे माझी. कागदावर तसं आहे."

त्यांचे वडील ड्रायव्हर होते. पाणचक्कीच्या बाजूला एका हवेलीत निजामाच्या वेळच्या जहागीरदारांपैकी एक साहेब राहायचे. त्यांनी तरुणपणी ही गाडी परदेशातून आणली, थोडीफार चालवली आणि मग त्यांची नजर जायला लागली. म्हणून ड्रायव्हर ठेवला. स्पोर्ट्स कारला ड्रायव्हर म्हणजे लोकांना हसायला कारण, पण साहेबांना गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय करमायचं नाही. दिसेनासं झाल्यावर ते उभ्या गाडीत तासन्‌तास बसून राहायचे. अचानक दार उघडलं तर दचकायचे. म्हणून मॅडमचे वडील आधी काच वाजवायचे, थांबायचे, मग उघडायचे.

साहेब वारले. मुलांना ती गाडी नको होती. "ये खटारा तू ले जा," म्हणून त्यांनी ती ड्रायव्हरला देऊन टाकली. वडिलांनी घरी आणली, शेड बांधली आणि पहिल्या दिवशी सकाळी त्या रिकाम्या गाडीची काच वाजवली.

"मी विचारलं, बाबा, आता कुणासाठी वाजवता? म्हणले, साहेब बसलेले असले तर?" मॅडम काच पुसत सांगत होत्या. "ते साहेबांसाठी वाजवायचे. मी त्यांच्यासाठी वाजवते."

"म्हणजे ते आत..."

"आम्ही भुतंखेतं मानत नाही," त्या ताडकन म्हणाल्या. "आत्मासुद्धा मानत नाही. आमच्या धम्मात ती भानगडच नाही."

"मग आत कोण असतं?"

"ते मला काय माहीत? पण मानत नाही."

मला बोलावलं होतं ते विम्याच्या कामासाठी. अशा दुर्मीळ जुन्या गाडीला घसारा लावून चालत नाही. तिची किंमत आधी ठरवून मग विमा उतरवतात आणि ती ठरवायला सर्व्हेअरचा रिपोर्ट लागतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या किमती कापणाऱ्या बाईच्या शेडमध्ये दरवर्षी चढत जाणारी गाडी निघाली, याची मला भारी गंमत वाटली. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी फुलंब्रीपर्यंत चक्कर असते. या सोबत. चालती बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहू नका."

रविवारी सकाळी त्यांनी काच वाजवली, दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर आपली ऑफिसातली उशी ठेवली, बसल्या आणि सगळ्यात आधी मधला आरसा खाली वळवला. तो चांगलाच वर होता. सहा फुटी माणसाला मागचं दिसेल असा.

"शेवटची कुणी चालवली?" मी विचारलं.

"मीच. मागच्या रविवारी."

मी आरशाकडं पुन्हा एकदा पाहिलं. गाडी हर्सूल ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागली, तिचा आवाज पायाखालून, पाठीतून यायला लागला आणि मी आरशाचं विसरून गेलो. मॅडम मात्र रंगात आल्या होत्या. ऑफिसात एका शब्दापुढे न जाणारी बाई वळणावर गिअर पाडत मला शिकवत होती.

"जुनी झाली की किंमत वाढते असं कुणी सांगितलं तर खोटं समजा. जुन्या तर सगळ्याच होतात. प्रत्येक गाडीच्या नशिबात एक काळ येतो, तेव्हा ती फक्त जुनी असते. नवी पण नाय आणि दुर्मीळ पण नाय. पेट्रोल पिते, पार्ट मिळत नाहीत, शेजारी हसतात. शंभरातल्या बहुतेक त्याच काळात भंगारात जातात. बाबांच्या मागं भंगारवाले किती लागायचे. आईनं बोनेटवर पापड वाळवलेत. तेवढा काळ जिला कुणीतरी वेड्यासारखं धरून ठेवतं ती उरते."

"पण तशी तर एखादी साधी फियाटही उरते."

"उरते ना. पण तिच्यासाठी पोरांची झोप उडत नव्हती. ही रस्त्यानं गेली की माणसं बोलायची थांबायची. शाळेतल्या पोरांनी तेव्हा फाटकाला लटकून बघितलेली असते. ती पोरं मोठी होतात, डोईचे केस पांढरे होतात, आणि मग त्यांना तीच पाहिजे असते. नवी कितीही पळू द्या." मग क्लचवर पाय दाबताना त्यांचा चेहरा वाकडा झाला. "आणि हिच्यात मधे कुणी नसतं. पाय हलवला की इंजिनाला कळतं. ती ज्याच्या हातात राहते त्याचं माप धरते. तो खालचा पेडल बघा."

मी वाकून बघितलं. ॲक्सिलरेटरच्या पेडलचं रबर एका कोपऱ्यातच झिजून गुळगुळीत झालं होतं.

"बाबांचा पाय बाहेर वळलेला असायचा."

"रबर आहे, मॅडम. कापू?"

"कापाल तर याद राखा."

फुलंब्रीच्या अलीकडच्या पंपावर आम्ही थांबलो. दोघंही पाय मोकळे करायला उतरलो आणि हवेच्या मशिनपाशी उभे राहिलो. स्वच्छ ऊन पडलं होतं, पंपावर दुसरी गाडी नव्हती. पंपावरचा माणूस नळी घेऊन आला, ड्रायव्हरच्या बाजूला गेला, खिडकीशी जरा वाकला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "झीरो बघा, साहेब."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो आतून काही उत्तर यायची वाट बघत होता. मग त्यानं आमच्याकडं पाहिलं, परत खिडकीत पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंगच गेला.

"बाई, ह्यात... उंच साहेब व्हते ना हितं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बघितला त्यांनी झीरो. टाका तुम्ही."

येताना माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो दिवसाढवळ्या आला होता, याची मला जास्त लाज वाटत होती. मॅडम काहीच न झाल्यासारख्या गाडी चालवत होत्या. हर्सूल आल्यावर मी म्हणालो, "उन्हात काचेवर चमक येते. भास होतो माणसाला."

"होतो ना," त्या म्हणाल्या.

मी सर्व्हेअर माणूस, फोटोवर विश्वास ठेवणारा. त्या दिवशी गाडी शेडमध्ये लावल्यावर आरशाचा फोटो काढला. आरसा मॅडमच्या मापाला, खाली वळलेला. दारं लावली, कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उगीच काहीतरी निमित्त काढून गेलो, कुलूप माझ्यासमोर निघालं, टकटक झाली, दार उघडलं. आरसा वर होता. मी त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढला. ते दोन्ही फोटो अजून माझ्याकडे आहेत, पण शेजारी शेजारी ठेवून बघायला मला आवडत नाही.

"पत्र्याची शेड आहे," मी म्हणालो. "उन्हानं धातू फुगतो, आरशाचा सांधा ढिला आहे, थंडाव्यानं परत..."

"बरोबर आहे. खाली का नाही येत मग कधी? दरवेळी वरच का जातो?"

त्यांनी आरशाकडं बघितलं आणि मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा दिसल्या. कुणीतरी रागावल्यावर लहान मुली दिसतात तशा.

"बाबांनी मला गाडी धुवू दिली, पुसू दिली," त्या म्हणाल्या. "शेजारी बसवून दौलताबादपर्यंत नेलं. पण स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. म्हणायचे, तुला जमायचं नाय, तुझे पाय पुरायचे नाय. मी ऑफिसर झाले तरी तेच. ते गेल्यावर शिकले. एक ओरखडा नाही पडू दिला आजवर. आणि तरी बघा. आरसा मी माझ्या मापाचा करते, ते त्यांच्या मापाचा करतात. म्हणजे अजून पटलेलं नाही त्यांना."

"मॅडम, तुम्ही तर मानत नाही म्हणता."

"नाहीच मानत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण एकदा तरी मी शेड उघडावी आणि आरसा माझ्या मापाला असावा. बस. दुसरं काही नको मला."

साठी ओलांडलेली बाई, सगळ्या विभागाला धाकात ठेवलेली, आणि एका आरशासाठी जीव टांगून बसलेली.

ही गोष्ट आमच्या सलीमभाईंना माहीत नव्हती. सलीमभाई म्हणजे किराडपुऱ्यातले मिस्त्री. मॅडमच्या गाडीला दुसरा कुणी हात लावत नसे. त्यांच्या हातून गाडी परत येते तेव्हा तिच्यातलं ढिलं असेल नसेल ते सगळं कसून येतं. सांगा, न सांगा. तुम्ही ब्रेकला सोडा, ते नंबरप्लेटचे स्क्रूसुद्धा आवळून देतात. त्या पावसाळ्यात त्यांनी ब्रेकचं काम केलं आणि आरशाचा सांधा कसला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शेड उघडली तेव्हा आरसा खाली होता. त्यांच्या मापाला.

मला फोन आला. आवाज ओळखू येईना. "सर्व्हेअर, आरसा... तुम्ही या आधी." मी गेलो तर त्या गाडीत बसल्या होत्या, उशीवर, दोन्ही हात स्टीअरिंगवर, आणि रडत होत्या. खुशीनं. मीही हसलो. मग सवयीनं आरशाला बोट लावून पाहिलं. तो हलला नाही. नवा स्क्रू चकाकत होता.

मी चटकन हात मागं घेतला. पण त्यांनी माझं बोट बघितलं होतं.

सलीमभाईंना बोलावणं गेलं. ते बिचारे अंगणात उभे राहून म्हणाले, "मॅडम, मेरेकू ढिला दिसला, तो मी कसून दिला. पैसे पन नाही लावले त्याचे."

"तुमची चूक नाही, सलीमभाई," मॅडम म्हणाल्या. "पण स्क्रूनं ठेवलेला मला नको."

त्यांनी स्वतः पेचकस घेतला आणि स्क्रू होता तसा ढिला केला. आरसा खाली वळवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो वर गेलेला होता. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आहे त्यांच्या जागेवर," आणि ठेवून दिला.

त्यानंतरच्या वर्षी गुडघ्यानं क्लच दाबायचं सोडलं. असल्या गाडीचा क्लच जड असतो. रविवारच्या फेऱ्या थांबल्या. गाडी उभी राहिली की मरते हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. म्हणून द्यायची ठरली. त्यांची एकच धास्ती होती, घेणारा तिला रिकामी करेल. नवं चामडं, नवी सीट, नवे पेडल. मग बाबा कुठं बसणार, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी मात्र तेच ऐकलं.

बघायला येणाऱ्यांची त्या परीक्षा घ्यायच्या आणि परीक्षा आहे हे सांगायच्या नाहीत. हातात किल्ली द्यायची आणि बाजूला उभं राहायचं. सिडकोतले एक बिल्डर त्याच कंपनीची नवीकोरी पिवळी गाडी घेऊन आले. मॅडमना मोठ्या हौसेनं दाखवली. बटण दाबलं की सीट, आरसे, सगळं आपोआप आपल्या मापाला येतं. "एक नंबर माझा, दोन नंबर मिसेसचा," ते म्हणाले.

"आणि तीन?" मॅडमनी विचारलं.

"तीन रिकामा आहे."

मॅडमनी तीन दाबलं. काही हललं नाही. त्यांनी मान डोलावली, त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं होतं. मग बिल्डर लाल गाडीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी आरसा पकडून स्वतःकडे वळवला.

"उतरा," मॅडम म्हणाल्या. कारण त्यांनी दिलं नाही.

असे बरेच आले आणि उतरले. मग नाशिकहून डोळ्यांचे एक डॉक्टर आले. केस पिकलेले, उंची बेताची, स्वभावानं भिडस्त. गाडी बघून ते बराच वेळ लांबच उभे राहिले. किल्ली घेतली, दार उघडलं, बसले. मी आणि मॅडम त्यांच्या हाताकडं बघत होतो. हात आरशाकडं गेलाच नाही. डॉक्टरांनी पाठ ताणली, मान उंच केली आणि तसंच अवघडून आरशात पाहिलं.

"आरसा नीट करून घ्या ना," मॅडम म्हणाल्या.

"नको," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी लावून ठेवलाय." मग संकोचानं हसले. "मी इथंच शिकलो, बाई. ही गाडी शाळेवरून जायची. खाकीतले एक उंच ड्रायव्हर असायचे. आम्ही फाटकावर चढून बघायचो. त्यांचा आरसा मी कशाला हलवू?"

मॅडम घरात गेल्या आणि चहा टाकला. गाडी डॉक्टरांची झाली.

न्यायला यायच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी आरसा शेवटचा खाली वळवला. मला म्हणाल्या, "सकाळी लवकर या." मी गेलो तेव्हा त्या शेडपुढं इस्त्रीची पांढरी साडी नेसून उभ्या होत्या. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या ती. कुलूप काढलं. काच वाजवली. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. मग दार उघडलं.

आरसा वर होता.

"मला वाटलं होतं, आज तरी," त्या म्हणाल्या. एवढंच. मग वाकून सीटवरची उशी उचलली आणि पोटाशी धरली.

डॉक्टर आल्यावर त्यांनी किल्ली दिली आणि बजावलं, "आरसा कसू नका. आणि वाजवून उघडा." डॉक्टरांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी लगेच काच वाजवली, थांबले, बसले. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज येत होता. आवाज थांबेपर्यंत आम्ही उभे होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. झोपेतच. विहारातली माणसं होती, ऑफिसातले दोघे-तिघे होते, सलीमभाई कोपऱ्यात रुमाल डोळ्याला लावून बसले होते. सांत्वन कुणाचं करायचं हेच कळत नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांचंच केलं. उशी खुर्चीवर तशीच होती. मला त्या बाईची फार सवय झाली होती हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी डॉक्टरांना फोन केला, बातमी सांगितली.

थंडीत डॉक्टरांच्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं. गाडी बघून रिपोर्ट द्यायला मी नाशिकला गेलो. डॉक्टरांनी गाडी सुरेख ठेवली होती. सीट तीच, पेडल तेच, रंग जिथं फिका होता तिथं फिकाच. मी चारही बाजूंनी फोटो काढले.

"एक विचारायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला मला मान उंच करून बसावं लागायचं. हल्ली वाकून बसावं लागतं. तुम्ही फोन केलात त्या दिवसापासून. मी हात लावलेला नाही हो, आणि कसलेलाही नाही. घरात दुसरं कुणी बसत नाही."

मी ड्रायव्हरच्या दाराशी गेलो. कॅमेरा गळ्यात होता, हात रिकामा होता. काच वाजवली.

"उघडंच आहे दार," डॉक्टर मागून म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणालो आणि मॅडम थांबायच्या तेवढा थांबलो.

दार उघडून मी गुडघ्यावर बसलो. त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो, आत्ताही बसवेना. बाहेरूनच मान आत घातली आणि डोळे हळूहळू खाली आणत गेलो. एका उंचीला मागची काच आरशात बरोबर मधोमध आली. ती उंची मला ओळखीची होती. ठेंगण्या बाईची, उशीसकट. मी आरशाला बोट लावलं. स्क्रू ढिलाच होता, तो लगेच हलला. मी घाईनं बोट काढून घेतलं आणि आरसा हळूच आपल्या जागी परत आला, खाली. मला भीती वाटली नाही. डोळ्यांत पाणी आलं.

"स्प्रिंग गेली असेल का?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही एक चक्कर मारून बघता का? किल्ली देऊ?"

मी उठलो, दार आवाज न करता लावलं.

"नको," मी म्हणालो. "चालवणारं माणूस बसलंय आत."